खाडी आणि कांदळवन नैसर्गिक पद्धतीने साफ कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, वाशी, उरण या पट्ट्यातले लोक कांदळवन सफाईबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून काढलेत. उदाहरणं जास्त करून ठाणे खाडीची आहेत कारण रोजच्या बघण्यातली तीच, पण जिथे तेल सांडलंय, नाल्याचं पाणी येतंय, चिखलात प्लास्टिक रुतलंय अशा कुठल्याही खाडीला यातलं बरंचसं लागू पडतं.

नैसर्गिक पद्धत म्हणजे नक्की काय करायचं असतं?

चिखलातले बॅक्टेरिया, कांदळवनातल्या तिवराच्या झाडांची मुळं, खेकड्यांची बिळं, शिंपल्या आणि दिवसातून दोनदा येणारी भरती ही सगळी मंडळी घाण मोडायचं, अडवायचं आणि पांगवायचं काम आधीपासून करतच असतात. आपण फक्त वरून येणारी घाण थांबवायची, भरतीच्या पाण्याचा रस्ता मोकळा ठेवायचा आणि चिखल विनाकारण तुडवायचा नाही. याच क्रमाने. नाला तसाच वाहतोय आणि खाली कुणीतरी बॅक्टेरियाची पावडर टाकतंय असं बऱ्याच ठिकाणी चालतं, त्यात पैसे जातात आणि खाडी आहे तशीच राहते.

कांदळवन घाण शोषून घेतं हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, पण कसं ते समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

भरतीचं पाणी झाडांमध्ये शिरलं की त्याचा वेग मरतो आणि गाळ खाली बसतो, आणि धातू, तेलाचा अंश, फॉस्फरस हे बरंचसं त्या गाळाच्या कणांना चिकटूनच आलेलं असतं. मग मुळांजवळ दुसरं काम सुरू होतं. तिवराची जी पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर उभी दिसतात ती हवा आत घेतात, ती हवा खालच्या बारीक मुळांपर्यंत जाते आणि तिथून थोडी थोडी चिखलात झिरपते. ओहोटीला कडेचं एखादं ढेकूळ हातात घेऊन हळूच फोडून बघा, सगळा चिखल काळा-करडा आणि बारीक मुळीच्या भोवती मात्र तांबूस थर दिसेल. तो चक्क लोखंडाचा गंज असतो, आणि आर्सेनिक, फॉस्फेट आणि काही धातू त्या गंजाला चिकटून बसतात.

सांडपाण्यातल्या नायट्रोजनचं वेगळं आहे. तो मुळांजवळच्या हवेशीर चिखलात नायट्रेट होतो, आणि तेच नायट्रेट दोन बोटं पलीकडच्या बिनहवेच्या चिखलात गेलं की तिथले बॅक्टेरिया त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. सांडपाणी प्लांटमध्ये हेच करायला वेगवेगळ्या टाक्या आणि ब्लोअर लागतात, विजेचं बिल वेगळं. इथे ते खेकड्याच्या बिळाच्या भिंतीवर होतं.

पण याला मर्यादा आहे. झेपेल त्यापेक्षा जास्त आलं की झाडं पण खंगतात, त्यामुळे "कांदळवन आहे ना, मग सोडा पाणी खाडीत" हा युक्तिवाद कुणी केला तर मान्य करू नका.

आमच्या इथला चिखल काळा आहे आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणजे प्रदूषणच ना?

नुसत्या वासावरून नाही सांगता येत. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं आणि हवा नसलेल्या चिखलातले बॅक्टेरिया ते वापरून हायड्रोजन सल्फाईड करतात, त्याचा तो वास, आणि काळा रंग लोखंडाच्या सल्फाईडचा. एकदम निरोगी कांदळवनात पण हे असतं. पण चिखलाच्या वरच्या थरावर सुद्धा काळपट साय आहे, खेकड्यांची बिळं कुठेच नाहीत, पाऊल टाकल्यावर पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग येतोय, असं असेल तर मात्र गडबड आहे. तवंगाची एक खूण म्हणजे काडीने ढवळला की तेलाचा तवंग परत जुळून येतो आणि लोखंडाच्या बॅक्टेरियाचा तवंग असेल तर पापुद्र्यासारखा तुटतो. हे माहीत नसल्याने उगाच तक्रारी होतात आणि मग खऱ्या तक्रारीकडे पण कुणी बघत नाही.

खाडीत तेल सांडलं तर पहिलं काय करायचं?

फोन. कोस्ट गार्ड, एमपीसीबी (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ), वन विभागाचा कांदळवन कक्ष. स्वतः आत शिरायचं नाही.

7 ऑगस्ट 2010 ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 या दोन जहाजांची टक्कर झाली होती ते अनेकांना आठवत असेल. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर समुद्रात पडले, आणि भर पावसाळ्यात ते तेल उरण, घारापुरी, वाशी, अलिबागकडच्या किनाऱ्यांवर आणि कांदळवनात शिरलं. वाळूच्या किनाऱ्यावरचं तेल फावड्याने उचलता येतं, पण कांदळवनात एकदा तेल शिरलं की मुळांच्या गर्दीतून ते काढायला हात पण नीट जात नाही. म्हणून सगळी धडपड ते आत शिरायच्या आधी बाहेरच अडवायची असते, खाडीच्या फाट्यांच्या तोंडाशी बूम (तेल अडवणारे लांब तरंगते पट्टे) लावायचे, पाण्यावर असतानाच तेल गोळा करायचं. हे पहिले एक-दोन दिवस हातचे गेले की मग उरलेली सगळी चर्चा वर्षांच्या हिशोबात करावी लागते.

डिसेंबर 2023 मध्ये चेन्नईच्या एन्नोर खाडीत मिचाँग वादळाच्या पुरासोबत रिफायनरीचं तेल पसरलं, तिथे मच्छीमारांनी बादल्या-मगांनी तेल काढलेलं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या लोकांच्या अंगाला, होड्यांना, जाळ्यांना तेल लागलं. खाडीवर ज्यांचं पोट आहे त्यांनाच हातमोज्यांशिवाय साफ करायला उतरावं लागतं ही गोष्ट मला कधीच पटणार नाही.

तेल खाणारे बॅक्टेरिया टाकले तर लवकर साफ होईल का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर.

तेल खाणारे बॅक्टेरिया खरंच असतात आणि ते आपल्या खाडीत आधीपासूनच आहेत. समुद्रात अल्कॅनिव्होरॅक्स नावाचे बॅक्टेरिया आहेत, एरवी फार थोडे, पण तेल आलं की त्यांची संख्या भराभर वाढते. बाहेरून आणलेल्या बॅक्टेरियांना या स्थानिकांशी स्पर्धा करावी लागते आणि खारं पाणी, भरती-ओहोटी यात ते बहुतेक वेळा टिकत नाहीत. भारतात टेरी संस्थेने ऑइलझॅपर नावाचं बॅक्टेरियांचं मिश्रण तयार केलंय, मक्याच्या कणसाच्या भुशावर बसवलेलं, आणि रिफायनरीचा तेलकट गाळ किंवा तेलाने भिजलेली जमीन यासाठी ते चांगलं वापरलं गेलंय. पण तिथे माती उलटीपालटी करता येते, ओलावा सांभाळता येतो. कांदळवनात नांगर कोण फिरवणार?

जाता जाता, बंगालमधून अमेरिकेत गेलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेल पचवणारा बॅक्टेरिया प्रयोगशाळेत तयार केला होता आणि त्याच्या पेटंटवर 1980 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, तो निकाल जगभर गाजला. पण तो बॅक्टेरिया उघड्या समुद्रात कधी वापरला गेला नाही.

दुसरा उपाय म्हणजे आहेत त्याच बॅक्टेरियांना खत घालायचं. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजाचं तेल सांडल्यावर गोट्यांच्या किनाऱ्यांवर नायट्रोजन-फॉस्फरसचं खत फवारलं आणि तेल मोडायचा वेग वाढला. पण ते पाणी स्वच्छ, तिथे नायट्रोजनच कमी होता. आपल्या खाडीत सांडपाण्यामुळे नायट्रोजन हवा त्याच्या कितीतरी जास्त आहे, इथे बॅक्टेरियांना कमी पडतो तो ऑक्सिजन. म्हणून आपल्याकडे खताच्या गोणीपेक्षा भरतीचं पाणी आत-बाहेर नीट खेळतंय का आणि खेकडे जिवंत आहेत का हे जास्त महत्त्वाचं. कुणी तुम्हाला पावडर विकायला आला तर त्याला एवढंच विचारा की या चिखलात ऑक्सिजन कसा पोचवणार.

मग तेलकट चिखल सरळ खरवडून काढला तर?

कृपया नको. 1978 मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर अमोको कॅडिझ हे टँकर फुटलं, तिथल्या ईल ग्रांद या खाऱ्या दलदलीत मशीन घालून तेलासकट चिखल उचलला. नंतर अभ्यासकांनी बघितलं तर जिथे काहीच केलं नव्हतं तो भाग आधी सावरला आणि जिथे खरवडलं होतं त्याला जास्त वर्षं लागली, कारण जमिनीची उंचीच बदलली आणि झाडं उगवेनात. खाडीत एक वीत उंची इकडे तिकडे झाली की भरतीचं पाणी किती वेळ उभं राहतं ते बदलतं, आणि कुठलं झाड जगेल हे त्यावर ठरतं.

तुडवण्याचं पण तसंच आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1969 ला एका बार्जमधून डिझेलसारखं तेल सांडलं, वेस्ट फाल्मथ गावाजवळच्या दलदलीत शिरलं, आणि तीस वर्षांनंतरही तिथल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना ते पृष्ठभागाच्या थोडं खाली सापडलं, कारण खाली हवाच नाही. पंचवीस स्वयंसेवक गमबूट घालून तेलकट चिखलात फिरतात तेव्हा प्रत्येक पावलाला वरचं तेल खाली, त्याच बिनहवेच्या थरात ढकललं जातं. वर राहिलं असतं तर ऊन, हवा आणि भरतीने बरंच मोडलं असतं. फारच गरज असेल तर फळ्या टाकून फळ्यांवरूनच चालायचं.

उसाची चिपाडं, काथ्या, केस वगैरे टाकून तेल शोषता येतं का?

येतं, पण पाण्यावरचं. 2020 च्या जुलैमध्ये मॉरिशसला वाकाशिओ जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल गळलं, तेव्हा तिथल्या लोकांनी (आपले मराठी मॉरिशसवासी पण त्या बेटावर पिढ्यानपिढ्या आहेत) उसाची वाळलेली पात कापडात भरून, शिवून लांब लांब बूम केले, लोकांनी केस कापून दिले. सरकारची यंत्रणा पोचेपर्यंत त्या बूमनी काम दिलं. आपल्याकडे काथ्या आणि उसाचा भुसा दोन्ही मुबलक आहे त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांनी याची तयारी ठेवायला हरकत नाही.

फक्त दोन गोष्टी. एक, सुटा भुसा खाडीत उधळायचा नाही, तेल पिऊन तो बुडतो आणि मग तो पण कचराच. दुसरी, तेल प्यायलेला बूम हा घातक कचरा आहे, तो अधिकृत ठिकाणीच जायला हवा, मागच्या पटांगणात जाळायचा नाही.

तेल लागलेल्या झाडांची पानं गळाली, झाड तोडायचं का?

नाही. पानं गळाली तरी बरीच झाडं पुन्हा फुटतात, आणि उलट काही झाडं आधी बरी दिसून महिन्यांनी मरतात. सालीवर नखाने हलकं खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. मेलेलं झाड सुद्धा मुळांनी चिखल धरून ठेवतं, उभं राहू द्या.

साबणाच्या पाण्याने किंवा प्रेशरने मुळं धुतली तर?

साबण अजिबात नको. समुद्राच्या साध्या पाण्याने, अगदी हलक्या दाबाने, ताजं तेल असताना आणि खाली ते गोळा करायची सोय असेल तरच, आणि तेही जाणकार माणूस सोबत असताना.

नाल्याचं सांडपाणी खाडीत जायच्या आधी झाडांनी साफ करता येतं का?

हो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जोर इथेच लावला पाहिजे. खडी-वाळूचे उथळ वाफे करायचे, त्यात देवनळ, पाणकणीस, कर्दळ लावायची, आणि गाळ आधी एका टाकीत बसवून मग पाणी खडीतून आडवं सावकाश जाऊ द्यायचं. काम झाडांपेक्षा खडीवर बसलेल्या बॅक्टेरियांच्या थराचं जास्त असतं, झाडं त्यांना मुळांतून हवा आणि बसायला जागा देतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने याच तत्त्वावर फायटोरिड नावाची पद्धत विकसित केलीय. वीज जवळजवळ लागत नाही, पण जागा लागते, आणि गाळ काढणं, झाडं छाटणं हे कुणीतरी वर्षानुवर्षं करावं लागतं. उद्घाटनाला सगळे येतात, दुसऱ्या वर्षी वाफ्यात फक्त गवत आणि डास. तेव्हा सोसायटी किंवा ग्रामपंचायत हे करणार असेल तर देखभालीचा माणूस आणि पैसे आधी ठरवा.

मोठ्या शहराचा सगळा मैला यात मावणार नाही, तिथे एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) लागणारच. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांमध्ये शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत सोडून ऊन, शेवाळ आणि माशांच्या जोरावर साफ होतं, त्या 2002 पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आहेत, पण तिथे सुमारे 12,500 हेक्टर जागा आणि पिढ्यांचं कसब आहे.

जलपर्णी सोडली तर? ती म्हणे धातू खेचते.

गोड्या पाण्यात खेचते. खाऱ्या पाण्यात ती मरते, सडते आणि उरलासुरला ऑक्सिजन पण खाऊन टाकते. पावसाळ्यात उल्हास नदीतून वाहून येणारी जलपर्णी हीच आधी डोकेदुखी आहे, मुद्दाम सोडायचा विचारही नको.

कालवं आणि शिंपल्यांनी पाणी गाळून निघतं का?

निघतं. अमेरिकेतलं एक मोठं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला 190 लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं असं सांगतात, आणि न्यूयॉर्कच्या बंदरात 2014 पासून हॉटेलांतली रिकामी शिंपलं गोळा करून त्यावर कालवं बसवायचा मोठा उपक्रम चालू आहे. आपल्याकडे पण खडकांवर, पुलाच्या खांबांवर कालवं असतात. पण गाळायला पाण्यात ऑक्सिजन तर पाहिजे, आणि जिथे तोच नाही तिथे कालवं आधी मरतात, म्हणजे परत नाल्यावरच येऊन थांबतो आपण. शिवाय जे कालव घाण गाळतं त्याच्या पोटात ती घाण, जंतू आणि धातू साठतात. सफाईसाठी ठेवलेली कालवं खायची नाहीत, विकायची तर मुळीच नाहीत.

सांडपाणी बंद झालं तर फ्लेमिंगो निघून जातील असं ऐकलं. खरं का?

ठाणे खाडीतला सुमारे 1,690 हेक्टरचा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये खाडी रामसर यादीत आली. सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांमुळे शेवाळ वाढतं आणि फ्लेमिंगोंना खाणं मिळतं असं अभ्यासक म्हणतात, त्यात तथ्य आहे. पण त्याच चिखलातून औद्योगिक पट्ट्यातले धातू पण त्यांच्या पोटात जातात, आणि खाडीत फक्त फ्लेमिंगो नाहीत. जिताडा, बोय, चिंबोरी, निवट्या यांच्यावर जगणारे कोळी बांधव फ्लेमिंगो यायच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत आणि त्यांना विचाराल तर मासळी किती घटली ते ऐकून वाईट वाटतं. गुलाबी पक्षी दिसतात म्हणून खाडी ठणठणीत आहे असा अर्थ काढू नका. पाणी टप्प्याटप्प्याने सुधारलं तर शेवाळ एका रात्रीत संपत नाही.

पारा, शिसं, कॅडमियम यांचं काय? बॅक्टेरिया ते पण खातात का?

धातू कुणीच खाऊन संपवू शकत नाही. तेल मोडून त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साईड होतं, शिसं हे शिसंच राहतं. काळ्या चिखलातल्या सल्फाईडला चिकटून हे धातू बंदिस्त होतात, आणि जोपर्यंत तो चिखल ओला आणि बिनहवेचा आहे तोपर्यंत बऱ्यापैकी तिथेच राहतात. तो चिखल उपसून काठावर वाळत टाकला की सल्फाईडचं ऑक्सिडेशन होऊन आम्ल तयार होतं आणि धातू पुन्हा पाण्यात सुटतात. म्हणून जुन्या औद्योगिक गाळाला हात लावायच्या आधी तपासणी करून घ्या, आणि बऱ्याच वेळा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वर कांदळवन नीट वाढू देणं आणि नवा गाळ त्यावर बसू देणं.

प्लास्टिकला काही नैसर्गिक उपाय?

नाही. हातानेच काढावं लागतं. पातळ पिशवी तिवराच्या उभ्या मुळांवर बसली की भरतीच्या गाळाने ती जड होते, तिच्याखाली मुळांना हवा मिळत नाही आणि काही महिन्यांत तेवढा तुकडा काळा पडतो. पिशवी ओढायची नाही, मुळं मोडतात. एका हाताने मुळं धरून दुसऱ्या हाताने वरच्या दिशेने सोडवायची, आणि खोल रुतलेली असेल तर कात्रीने वरचा भाग कापून खालचा राहू द्यायचा. नाल्याच्या तोंडाशी जाळी किंवा ट्रॅश बूम असेल तर हे काम कितीतरी कमी होतं.

ते ईएम बॉल (सूक्ष्मजीव मिसळलेले मातीचे गोळे) टाकायचा कार्यक्रम करू का?

खाडीत नको, दिवसातून दोनदा पाणी बदलतं, वाहूनच जाणार.

कांदळवनाची रोपं लावली तर सफाई लवकर होईल?

जिथे नव्हतीच तिथे लावू नका. उघडा चिखल मोकळा दिसतो पण तो पक्ष्यांचं जेवणाचं ताट आहे. फिलिपिन्समध्ये चुकीच्या जागी, चुकीच्या जातीची लाखो रोपं लावली आणि ती मोठ्या प्रमाणात मेली. आधी शोधा की झाडं का नाहीत. बहुतेक वेळा कुणीतरी राडारोडा टाकून, रस्ता किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलेलं असतं. तो अडथळा काढला, एखादी जुनी उघाडी (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) दुरुस्त केली, पाणी आत यायला लागलं की तिवराच्या बिया स्वतः तरंगत येतात आणि रुजतात. अशी आपोआप आलेली झाडं लावलेल्यांपेक्षा चिवट असतात.

परवानगी लागते का?

बऱ्याच ठिकाणी लागते, कारण कांदळवन मोठ्या प्रमाणात वन विभागाकडे आहे आणि अभयारण्यात तर लागणारच. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कांदळवन तोडण्यावर आणि त्याच्या भोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम किंवा राडारोडा टाकण्यावर बंदी आहे. खाजगी जमीन असली तरी.

सफाईला येताना काय काळजी घ्यायची?

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून या, आणि गावातल्या एका कोळीदादांना सोबत घ्या, त्यांना कुठला चिखल माणूस गिळतो ते माहीत असतं. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी लांबवर जाते पण पाणी परत पण झपाट्याने येतं, नवख्यांना भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, दिवस बरे. जाड हातमोजे, पायाला घट्ट बसणारे बूट, पूर्ण बाह्या. काच आणि सुया असतात त्यामुळे लहान मुलांना चिखलात उतरवू नका, त्यांना काठावर वर्गीकरणाला बसवा. जखम झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो.

खाडी सुधारतेय हे कसं ओळखायचं?

पाण्याच्या रंगावरून नाही, खाडीचं पाणी नेहमीच गढूळ असतं. खेकड्यांची बिळं मोजा, ठराविक चौरसात, दर दोन-तीन महिन्यांनी. निवट्या (चिखलावर उड्या मारणारा मासा) दिसतात का बघा. तिवराच्या कोवळ्या रोपांची दुसऱ्या वर्षी किती टिकली ते बघा. जमलं तर पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं साधं किट मिळतं, पहाटे मोजा कारण रात्रभर शेवाळ पण ऑक्सिजन वापरतं आणि सगळ्यात वाईट आकडा तेव्हाच मिळतो, दुपारचा आकडा फसवा असतो. प्रत्येक वेळी त्याच जागेवरून, त्याच पातळीच्या ओहोटीला फोटो काढा आणि त्यावर तारीख, वेळ आणि कुठल्या नाल्याजवळ ते लिहून ठेवा. एमपीसीबीकडे किंवा कोर्टात गेल्यावर पहिलं हेच मागतात.